या हाताचं त्या हाताला

आपल्यामागे आपलं नाव राहावं असं कोणाला वाटत नाही? ज्यांना परवडतं त्यांचं नाव रस्त्याला लागतं, चौकाला लागतं, निदान नाट्यगृहातल्या एखाद्या संगमरवरी पाटीवर तरी लागतं. ज्यांना तेवढं परवडत नाही त्यांची मुलं एस.टी. स्टँडवर एक सिमेंटचं बाकडं देतात आणि त्याच्या पाठीवर 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं रंगवून घेतात. मग कै. अमुकांच्या नावाला पाठ टेकून लोक शेंगा खात बसतात. आमच्यासारख्या बँकेतल्या कारकुनाचं नाव फार तर डेड स्टॉक रजिस्टरात एखाद्या हरवलेल्या पंचिंग मशीनपुढे राहतं. तेही लाल शाईत.

वैद्यकातसुद्धा नावं मागे ठेवण्याची चाल आहे. पण तिथे नाव राहतं ते बहुतेक डॉक्टरांचं. पार्किन्सन हा डॉक्टर होता, अल्झायमर हाही डॉक्टर होता. भोगलं एकाने आणि नाव झालं दुसऱ्याचं. पेशंटच्या नावाने जगभर ओळखलं जाणारं ऑपरेशन मला तरी एकच ठाऊक आहे. त्या पेशंटचं नाव टॉमी जॉन.

आता टॉमी या नावाला आपल्याकडे काय मान आहे ते मी सांगायला नको. आमच्या सोसायटीतच दोन टॉमी आहेत आणि त्यातला एक मोत्या म्हणून हाक मारली तरी येतो. त्यामुळे 'टॉमीचं ऑपरेशन' हे शब्द मी फोनवर उच्चारल्याबरोबर आमच्या हिने आतून, "अगंबाई! तळमजल्यावरच्यांना किती वेळा सांगितलं, गेट लावत जा म्हणून!" असा निकाल देऊन टाकला.

फोन न्यू जर्सीहून होता. माझी धाकटी बहीण लग्न झाल्यापासून तिकडे असते. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे. इथे असता तर तो क्लासला जाता-येता गल्लीत टेनिसच्या चेंडूने बोलिंग टाकत राहिला असता आणि फार तर कोणाची काच फोडली असती. तो तिकडे शाळेच्या संघातून बेसबॉल खेळतो. त्यातून पिचर आहे. गेले काही महिने त्याचं कोपर दुखत होतं.

"दादा," बहीण म्हणाली, "डॉक्टरांनी अजून काही म्हणजे काही सांगितलेलं नाही. एमआरआय व्हायचाय. पण हा आत्तापासून म्हणतोय, करूनच टाकू टॉमी जॉन. ह्याच्या मित्राच्या भावाने केलं म्हणे. हात नव्यापेक्षा चांगला होतो, चेंडू आणखी जोरात जातो, असं यांच्यात बोलतात. तू बोल ना त्याच्याशी. तुझं ऐकतो तो."

माझं कोणी ऐकतं ही मला बातमीच होती. मी बी.कॉम. माणूस. शरीरशास्त्राशी माझा संबंध एवढाच, की स्टाफची मेडिकल बिलं बघताना एक्स-रे डाव्या गुडघ्याचा आणि औषध उजव्या डोळ्याचं असेल तर ते माझ्या नजरेतून सुटत नाही. पण 'तुझं ऐकतो' या दोन शब्दांपुढे भलेभले विरघळतात. शिवाय फोनवर बहिणीचा आवाज थोडा कापरा होता. मी म्हटलं, "मला आठ दिवस दे. माणसाचं खातं बघून सांगतो."

आणि खरं सांगतो वाचकहो, खातं खरोखरीच निघालं!

क्रिकेटमध्ये सामना जिंकतो तो संघ. बोलरने एका डावात आठ बळी घेतले तरी तो विजय काही त्याच्या नावे जमा होत नाही. बेसबॉलमध्ये होतो. प्रत्येक सामना संपला की जिंकलेल्या संघातल्या एका पिचरच्या नावे एक विजय जमा टाकतात आणि हरलेल्या संघातल्या एका पिचरच्या नावे एक पराभव खर्ची टाकतात. मागे उभ्या असलेल्या मंडळींनी हातातले चेंडू पायावर पाडून घेतले असोत, की आपल्या फलंदाजांनी दिवसभर नुसती हवा मारली असो, पराभव बसतो पिचरच्या डोक्यावर. हे वाचलं आणि मला त्या खेळाविषयी एकदम जिव्हाळा वाटला. संध्याकाळी कॅश कमी भरली तर ती कॅशियरने भरायची, हा नियम साता समुद्रापलीकडेही आहे तर!

पिचर म्हणजे आपला बोलरच. फक्त धावत येत नाही. मैदानाच्या मधोमध दहा इंच उंचीचा मातीचा एक उंचवटा असतो. त्यावर उभं राहायचं आणि साडेसाठ फुटांवरच्या फलंदाजाला चेंडू टाकायचा. टप्पा नाही, सगळे फुलटॉस. आपल्याकडे कोपर फार वाकलं तर पंच नोबॉल देतात आणि वर्तमानपत्रात चार दिवस चर्चा चालते. तिकडे कोपर वाकवूनच टाकतात. सगळा भार त्या एका सांध्यावर, आणि तो सांधा आतल्या बाजूने धरून ठेवते ती जेमतेम बोटभर लांबीची एक दोरी. डॉक्टर तिला अस्थिबंध म्हणतात. वर्षानुवर्षं ती ताणली जाते, झिजते, आणि एके दिवशी तुटते. टॉमी जॉनच्या आधी ती तुटली की त्या माणसाचा हिशेब पूर्ण होत असे. लोक म्हणायचे, हात मेला. मग तो बिचारा गावी जाऊन विमा नाहीतर मोटारी विकायला लागायचा.

टॉमी जॉनचा जन्म २२ मे १९४३चा, इंडियाना राज्यातल्या टेरे होट गावचा. माणूस डावखुरा. १९६३च्या सप्टेंबरात, विसाव्या वर्षी, तो क्लीव्हलंडच्या संघातून मोठ्या लीगमध्ये रुजू झाला. पहिल्या दोन मोसमांत त्याच्या खात्यावर विजय जमा २, पराभव खर्ची ११. प्रोबेशनवर असा हिशेब आमच्या एखाद्या मुलाने दाखवला असता तर त्याला कायम करणं सोडाच, चहा सांगायलासुद्धा कोणी पाठवलं नसतं. क्लीव्हलंडने त्याची शिकागोला बदली केली. शिकागोच्या व्हाइट सॉक्समध्ये तो सात वर्षं होता. सात वर्षांत जमा ८२, खर्च ८०. म्हणजे सात वर्षं राबून शिल्लक दोन. मला हा आकडा फार ओळखीचा वाटला. माझ्या सेव्हिंग्ज खात्याचं पासबुक काढून पाहिलं, तर प्रमाण साधारण तेच होतं.

१९७१च्या डिसेंबरात पुन्हा बदली झाली, या खेपेला लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघात. या बदलीत शिकागोला मुख्यतः मिळाला तो डिक ॲलन नावाचा नामांकित फलंदाज. हे नाव जरा लक्षात असू द्या, पुढे त्याची नोंद येणार आहे.

डॉजर्समध्ये मात्र आमच्या माणसाला बरे दिवस आले. तोवर तो तिशीच्या आसपास पोचला होता आणि एक गोष्ट त्याला पक्की उमगली होती: आपल्याकडे वेग नाही. पिचर म्हटला की लोकांना वेग हवा असतो. चेंडू दिसता कामा नये, फलंदाजाने नुसती वाऱ्यावर बॅट फिरवावी, लोकांनी टोप्या उडवाव्यात. टॉमी जॉनचा चेंडू सगळ्यांना नीट दिसायचा. फक्त फलंदाजापाशी आला की तो जरासा खाली बसायचा. याला तिकडे सिंकर म्हणतात. फलंदाज बॅट लावायचा, पण ती लागायची चेंडूच्या डोक्यावर. चेंडू सरपटत जवळच्या एखाद्या खेळाडूकडे जायचा, तो उचलून पहिल्या बेसवर फेकायचा आणि फलंदाज बाद. आरडाओरडा नाही, टोप्या नाहीत. कामाचा निपटारा! काउंटरवर काही माणसं असतात पहा, ज्यांची रांग भराभर पुढे सरकते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही, तसा हा माणूस.

१९७४च्या जुलैपर्यंत त्या वर्षाचे त्याचे विजय होते १३ आणि पराभव फक्त ३. अशी चढती कमान आयुष्यात पहिल्यांदाच लाभली होती. १७ जुलैला मॉन्ट्रियलविरुद्ध सामना होता. एक चेंडू टाकताना कोपरात काहीतरी विचित्र झालं. त्याने आणखी एक टाकून पाहिला आणि मग स्वतःच चालत मैदानाबाहेर आला. वय एकतीस. खात्यावर विजय १२४. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खातं गोठलं.

संघाचे डॉक्टर होते फ्रँक जोब. त्यांनी काही आठवडे विश्रांती देऊन पाहिली, पण तुटलेली दोरी विश्रांतीने जुळत नाही. मग त्यांनी असं काही सुचवलं जे तोवर कोणत्याही पिचरवर झालेलं नव्हतं. उजव्या हाताच्या मनगटाजवळची एक शीर काढायची, डाव्या कोपराच्या दोन्ही हाडांना भोकं पाडायची आणि त्यातून ती शीर आठच्या आकड्यासारखी ओवून घ्यायची. बाज विणतात ना, तशी. पुन्हा खेळण्याची शक्यता किती, असं टॉमी जॉनने विचारलं. डॉक्टर म्हणाले, शंभरात एक. ऑपरेशन नाही केलं तर? तर तीही नाही. शंभरात एक आणि शंभरात शून्य यांतला फरक बघून त्याने सही केली. २५ सप्टेंबर १९७४ रोजी ऑपरेशन झालं. या हाताने दिलेलं त्या हाताला कळू नये असं आपल्याकडे दानाबद्दल म्हणतात. इथे या हाताचं काढून त्या हाताला घातलं आणि साऱ्या जगाला कळलं.

आता ही जी उजव्या हाताची शीर, तिचं नाव पामारिस लाँगस. तिची गंमत अशी की ती सगळ्यांना असतेच असं नाही, आणि नसली तरी कोणाचं काही अडत नाही. ती आहे की नाही ते बघायची एक सोपी तऱ्हा आहे. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवायची आणि मनगट थोडं आत वाकवायचं. शीर असली तर मनगटाच्या मधोमध तट्टकन उभी राहते. मी हे दुपारच्या डब्याच्या वेळी सहज बोलून गेलो. पाच मिनिटांत अख्खी शाखा अंगठ्याला करंगळी लावून मनगटाकडे टक लावून बसली. लोन सेक्शनच्या बाईंनी दोन्ही हात तपासले. साहेब केबिनमधून बाहेर आले ते ओरडायला म्हणून, आणि आत गेले तेही तसेच मनगट वाकवून. काउंटरबाहेर उभ्या असलेल्या एका पेन्शनर आजोबांनी हा काही नवा केवायसीचा प्रकार असावा असं समजून निमूटपणे आपलाही हात खिडकीतून आत केला. अकरा जणांत दहा जणांची शीर निघाली. फक्त आमच्या हेड कॅशियरांची निघाली नाही. त्यांनी उजवा हात पाहिला, डावा पाहिला, घड्याळ काढून पाहिलं. मग अर्धी पोळी तशीच ठेवून डबा बंद केला.

असो. ऑपरेशन झालं म्हणजे सगळं झालं असं माझ्या भाच्याप्रमाणे मलाही वाटत होतं. पण खात्यातली पुढची पानं वाचली आणि मी गप्प झालो. ऑपरेशनानंतर टॉमी जॉनच्या हाताची एक नस दुखावली गेली, बोटं पंजासारखी आखडली, म्हणून डिसेंबरात दुसरं ऑपरेशन करावं लागलं. ज्या हाताने तेरा सामने जिंकले होते त्या हाताला चेंडू धड पकडता येईना. मग रोज बोटांचे व्यायाम, रोज थोडं फेकणं, पुन्हा फेकणं. १९७५चं सबंध वर्ष त्याच्या खात्यात एकही नोंद नाही. जमा नाही, खर्च नाही. लोकांनी खातं बंद झालं असं धरलं होतं. माइक मार्शल नावाचा त्याचा सहकारी पिचर होता. हा गडी व्यायामशास्त्राचा अभ्यास केलेला. त्याने टॉमी जॉनची चेंडू टाकण्याची ढब बदलून दिली. बत्तिसाव्या वर्षी, बारा मोसम टाकून झाल्यावर, माणूस चेंडू कसा टाकायचा ते पुन्हा शिकला. आमच्याकडे साधं नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा पन्नाशीच्या आतल्या किती जणांच्या छातीत कळ आली होती ते मी पाहिलेलं आहे.

१९७६च्या एप्रिलमध्ये तो परत कामावर आला. त्या वर्षाचा हिशेब: जमा १०, खर्च १०. बाकी शून्य. पण शंभरात एक म्हणणाऱ्या डॉक्टरांना विचारा या शून्याची किंमत!

डॉजर्सचाच सँडी कूफॅक्स नावाचा डावखुरा पिचर होऊन गेला. वेगाचा बादशहा. १९६६ साली २७ सामने जिंकून, दुखऱ्या हातापायी त्याने तिसाव्या वर्षीच खेळ सोडला होता. टॉमी जॉन गमतीने सांगत असे, की मी डॉक्टरांना म्हटलं होतं, आत कूफॅक्सचा वेग बसवा. त्यांनी बसवला, पण तो सौ. कूफॅक्सचा निघाला! माझ्या भाच्याला ही गोष्ट सांगायचीच असं मी तिथल्या तिथे ठरवलं. ऑपरेशनाने चेंडू जोरात जायला लागत असता तर ते सगळ्यात आधी या माणसाला कळलं असतं.

आणि आता या माणसाची खरी मजा सुरू होते. १९७७ साली त्याने २० सामने जिंकले. वीसचा आकडा तोवर त्याने कधी पाहिलाच नव्हता. वय चौतीस. पुढे न्यूयॉर्कच्या यांकीज संघात गेल्यावर १९७९ साली २१ आणि १९८० साली २२. चेंडू तोच, संथ, खाली बसणारा. कोपर नवं, गडी जुना.

आता तुम्ही म्हणाल, एवढं झालं म्हणजे विजेतेपदंही ढिगाने मिळाली असतील. एकही नाही. १९७४ साली डॉजर्स अंतिम मालिकेत पोचले तेव्हा हा हात बांधून बसला होता. १९७७ आणि १९७८ साली डॉजर्स अंतिम मालिकेत पोचले आणि दोन्ही वेळा यांकीजकडून हरले. तेव्हा याने शहाण्यासारखं यांकीजमध्ये नाव घातलं. १९८१ साली यांकीज अंतिम मालिकेत पोचले आणि हरले. कोणाकडून? डॉजर्सकडून. आमच्या एका मित्राने तीन वेळा मागून मागून कोकणात बदली करून घेतली आणि ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात त्याच्या सासऱ्यांनी कोकणातलं घर विकलं, त्याची आठवण झाली. १९८१च्या त्या शेवटच्या सामन्यात तर १-१ अशी बरोबरी असताना चौथ्या डावातच साहेबांनी, म्हणजे त्यांच्या व्यवस्थापकाने, याच्या जागी दुसरा फलंदाज पाठवला, म्हणजे याची पिचिंगही संपली. हा चकित होऊन बघतच राहिला. पुढे संघ ९-२ असा हरला. साहेब असे जगात सगळीकडे असतात.

१९८६ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, मार्क मॅग्वायर नावाच्या नव्या पोराने याच्या चेंडूवर आपला मोठ्या लीगमधला पहिला फटका मारला. त्या पोराचे वडील टॉमी जॉनचे दाताचे डॉक्टर. आपल्या दाताच्या डॉक्टरांचा मुलगा आपल्याला मारायला लागला म्हणजे निवृत्त व्हायची वेळ झाली, असं तो स्वतःच हसत म्हणाला. आणि मग आणखी तीन मोसम खेळला. मधल्या काळात, १९८८च्या जुलैमध्ये, मिलवॉकीविरुद्ध एका सामन्यात त्याने एकाच चेंडूवर तीन चुका करून दाखवल्या. आधी सरपटत आलेला चेंडू हातातून सोडला, मग तो पहिल्या बेसवर भलतीकडेच फेकला, आणि तिकडून परत आलेला चेंडू मध्येच अडवून तिसऱ्यांदा भलतीकडे फेकला. एका व्हाउचरवर तीन खाडाखोडी! तरी तो सामना त्याच्या संघाने १६-३ असा जिंकला. देव नाही असं कोण म्हणतो?

१९८९च्या मे महिन्यात तो शेवटचा खेळला. वय सेहेचाळीस. नेहरू पंतप्रधान असताना हा माणूस रुजू झाला आणि राजीव गांधींच्या काळात निवृत्त झाला. मधल्या काळात आपल्याकडे आधी चौदा आणि नंतर सहा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि हा आपला दर चार-पाच दिवसांनी उंचवट्यावर चढून टाकतच होता. मोसम २६. सुरुवातीचा पिचर म्हणून सामने बरोबर ७००. विजय २८८, पराभव २३१.

या २८८ची मी फोड केली, कारण फोड केल्याशिवाय आम्हाला झोप लागत नाही. हात तुटायच्या आधी १२४. हात तुटल्यानंतर १६४. खातं बंद झालं असं सगळ्यांनी धरल्यावर जास्त जमा झाली. रात्री दीड वाजता कागदावर ही बेरीज मारली आणि मी बराच वेळ त्या दोन आकड्यांकडे बघत बसलो. मी स्वतः यंदा सेहेचाळीस पूर्ण केली आहेत. प्रमोशनच्या मुलाखतीला तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा 'पुढच्या वेळी नक्की' हे ऐकून आलो. माझ्या बरोबरीने लागलेले दोघे आता ज्या केबिनमध्ये बसतात तिला थंड हवेचं यंत्र आहे. आपला जो काय हिशेब व्हायचा तो झाला, आता उरलं फक्त व्याज, असं मी गेली काही वर्षं धरून चाललो होतो. हिला मी तो कागद दाखवला. ती म्हणाली, "एकशे चोवीस काय, एकशे चौसष्ट काय? किराण्याचे आहेत का?" आणि दिवा मालवला.

तीनशे विजय झाले असते तर टॉमी जॉनला कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळणं जवळजवळ ठरलेलंच होतं. बारा कमी पडले. १९९५ ते २००९ अशी पंधरा वर्षं पत्रकारांच्या मतदानात त्याचं नाव होतं. शेकडा ७५ मतं लागतात. त्याला मिळाली ती जास्तीत जास्त ३१.७. २०१३ साली त्याच कूपर्सटाउनला डॉ. जोब यांचा सत्कार झाला तेव्हा पेशंट समारंभाला आवर्जून हजर होता. २०२४च्या डिसेंबरात निवड समितीपुढे त्याचं नाव पुन्हा आलं. १६ जणांच्या समितीत १२ मतं हवी होती, त्याला ७ मिळाली. त्याच बैठकीत निवड झाली ती डिक ॲलनची, तो हयात नसताना. होय, तोच. ज्याच्या बदल्यात याला शिकागोहून पाठवलं होतं तो! ही नोंद वाचून मी फाइल मिटली. सीनियॉरिटी, मेरिट, शिफारस, या सगळ्याच्या पलीकडे आणखी एक खातं असतं आणि त्याचं पासबुक कोणाला मिळत नाही.

आठ दिवसांनी मी भाच्याला फोन लावला. तोवर त्याचा एमआरआय झाला होता. दोरी शाबूत होती, नुसती सुजली होती. तीन महिने चेंडूला हात लावायचा नाही, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहिणीचा आवाज पूर्ववत झाला होता. पोराचा मात्र पडला होता.

"मामा, थ्री मंथ्स!" तो म्हणाला. "त्यापेक्षा सर्जरी बरी. स्ट्राँग होऊन येतो."

मी त्याला आकडे सांगितले. मोठ्या लीगमधल्या पिचरांपैकी आज साधारण तीनांतल्या एकाच्या कोपराचं हे ऑपरेशन झालेलं आहे, ओहतानीसारख्या खेळाडूचंसुद्धा २०१८ साली झालं. पण अमेरिकेत २००७ ते २०११ या काळातल्या अशा ऑपरेशनांचा अभ्यास केला तर त्यांतले निम्म्याहून जास्त पेशंट निघाले १५ ते १९ वर्षांचे. ज्याच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात त्या टॉमी जॉनलासुद्धा पोरांच्या कोपरांवरची ही घाई पसंत नाही, आणि तसं त्याने जाहीरपणे सांगितलं आहे. मग मी त्याला सौ. कूफॅक्सची गोष्ट सांगितली. १९७५ सालची कोरी ओळ सांगितली. म्हटलं, "हे बघ बाळा, डॉक्टर फक्त दोरी बांधून देतात. पुढचे एकशे चौसष्ट ज्याचे त्याने भरायचे असतात. आणि तुझी तर दोरी आहे जागच्या जागी. तीन महिन्यांचा लॉकइन पिरियड आहे असं समज."

फोनवर थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "मामा, तो सिंकर... तो स्लो टाकला तरी चालतो?"

"स्लोच टाकायचा असतो."

"आणि ग्रिप कशी?"

हे मात्र मला येत नव्हतं. मी म्हटलं, कोचला विचार. पण तीन महिन्यांनी.

आमच्या शाखेत आता या प्रकरणाची चर्चा थंडावली आहे. फक्त हेड कॅशियर अधूनमधून खुर्ची सरकवून माझ्या काउंटरशी येतात. त्यांच्या निवृत्तीला चौदा महिने राहिले आहेत आणि नोटांच्या बंडलाखेरीज त्यांनी आयुष्यात काही फेकलेलं नाही. तरी परवा त्यांनी इकडेतिकडे पाहून हळूच विचारलं, "काय हो, समजा एखाद्याला ती शीर दोन्ही हातांत नसलीच, तर?"

मी म्हटलं, "तर पायातली काढतात."

त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, जागेवर जाऊन बसले आणि दहाच्या नोटा मोजायला घेतल्या.